न झिजलेले तळ

५ जानेवारी, सोमवार

ओळखलं नाही. अजिबात नाही!

टेबलाच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि हसून म्हणाला, "घरातली पहिलीच पदवीधर का? छान, छान. अशीच मुलं हवीत आम्हाला. मन लावून काम करतात."

मन लावूनच करणार आहे, सर. काळजी नसावी.

कागदावर तरी मी त्याला 'तो'च म्हणणार. तोंडावर दिवसभर "हो सर, आलेच सर" करायचंय. निदान इथे जीभ मोकळी.

काम असं — मधुमेहाच्या माणसांच्या पायाला जखमा होतात, त्या लवकर भरत नाहीत. एक नवं मलम निघालंय. अभ्यासातल्या निम्म्या लोकांना ते द्यायचं, निम्म्यांना नेहमीचं. नळ्या दिसायला सारख्या. कुणाला काय मिळतंय हे ना त्यांना माहीत, ना आम्हाला. अभ्यास मी यायच्या आधीच सुरू झालाय; प्रत्येकाचे तीन महिने भरले की जखम भरली का ते मोजायचं. मी समन्वयक. लोकांना बोलावणं, समजावणं, जखम मोजणं, नोंदवणं, आणि कुणाचं बिघडताना दिसलं तर त्याच दिवशी वर कळवणं.

पाच-सहा वर्षांपूर्वी इथेच असाच अभ्यास झाला होता, दुसऱ्या मलमाचा. प्रमुख हाच. आणि आलेल्या माणसांमध्ये माझे बाबा.

७ जानेवारी

आईला शेवटी सांगितलं. "त्याच्याच हाताखाली? जगातल्या बाकीच्या नोकऱ्या काय संपल्या होत्या?"

"हीच मिळाली."

"मिळाली की मिळवलीस?"

आई शाळेत फार गेली नाही, पण तिच्यापुढे खोटं टिकत नाही. मी ताट घेऊन उठले.

बाबा नकली पाय काढून भिंतीला टेकवत होते. त्याला ते 'जावई' म्हणतात. "काम कमी, मान जास्त. आणि रोज पुसावा लागतो." आई आता हसत नाही. ते तरीही म्हणतातच.

९ जानेवारी

एकदाच लिहून काढते. म्हणजे मनात सारखं दळण नको.

अभ्यासात घेतलेल्या प्रत्येकाला जाड तळाची खास चप्पल देतात. जखमेवर भार येऊ नये म्हणून. ती घरीदारी, उठताबसता घालायची, हा नियम. बाबांना उभ्या आयुष्यात एवढी चांगली चप्पल कुणी दिली नव्हती. त्यांनी काय केलं? कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. दवाखान्याच्या दिवशी पाय धुऊन घालायचे. डॉक्टरांसमोर नीटनेटकं जावं म्हणून! बाकीचे दिवस गोदामात त्याच जुन्या रबरी सपाता. घालायची म्हणजे सतत घालायची, हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलंच नव्हतं. हातात डबा दिला, अंगठा घेतला, झालं.

जखम चिघळली. प्रमुखाने, म्हणजे याने, चप्पल उलटी केली. तळ कोरा. "नियमभंग. काढा यांना." मग माझ्याकडे बघून, समजुतीच्या सुरात — "बाळ, अशा लोकांवर संशोधन होत नसतं."

एवढंच. पाय काळा पडतोय, पलीकडच्या इमारतीत शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना आजच्या आज दाखवा, हे एक वाक्य कुणाच्याही तोंडून निघालं नाही. अभ्यासातून काढलं म्हणजे डोक्यातूनही काढलं! बाबा घरी येऊन उरलेलं मलम लावत बसले. आम्हीही बघत बसलो. पुढचं या घरातल्या भिंतीला टेकून उभंच आहे.

पण सगळ्यात जास्त जळतं ते वेगळंच. खुर्चीतून उठताना बाबा त्याला म्हणाले, "चुकलं साहेब. माफ करा."

बाबांनी त्याची माफी मागितली!

मी दार धरून उभी होते. कॉलेजचं दुसरं वर्ष. दार धरून उभी होते, बस्स.

१५ जानेवारी

आज तो फार खुशीत होता. बाहेरची दोन मोठी माणसं आली होती. मला पुढे करून म्हणाला, "हिच्या घरात कुणी दहावीचं तोंड पाहिलं नाही. आणि इंग्रजी बघा हिचं!" पाहुण्यांनी माना डोलावल्या. मीही हसले. गालांत दुखेपर्यंत हसले.

एकेक जमा करतेय, सर.

२१ जानेवारी

आकड्यांचं काम बघणारा एक जण आहे, खालच्या मजल्यावर. सगळे त्याला आकडेमोड्या म्हणतात, त्यालाही चालतं. आज चहा पिताना म्हणाला, "तुमच्या सरांच्या हाताला यश फार. यांच्या अभ्यासात वाईट निकाल लागलेली माणसं शेवटी शिल्लकच नसतात."

"म्हणजे?"

"म्हणजे गळतात. मोजणी आली की गळतात. पानगळच म्हण ना."

"पण एकदा अभ्यासात घेतलेला माणूस मोजायलाच हवा ना? त्याने औषध घेतलं, नाही घेतलं, नियम पाळला, मोडला — तरी?"

"पुस्तकात तेच लिहिलंय. तू अजून पुस्तक विसरली नाहीस, हीच तुझी अडचण आहे ताई."

तो हसला. मला हसू येईना. कारण ते पुस्तक मी खरंच विसरलेले नाही. मला हे काम आवडतं, हे इथेच कबूल करायला हरकत नाही. कुणाची थोरवी न मानता, कुणाच्या शब्दावर न जाता, नुसतं प्रामाणिकपणे मोजलं तर कळतं की काय उपयोगी आणि काय नाही. यापेक्षा न्यायाची गोष्ट मला दुसरी माहीत नाही. आणि त्याच मोजणीत याने कात्री घातलीय.

२८ जानेवारी

समजलं! कसं करतो ते समजलं.

मोजणीच्या आठवडाभर आधी तो स्वतः येतो. "बघतो जरा एकेकाला." ठरलेल्या कामात हे कुठेच नाही. सगळ्यांना वाटतं, केवढा जीव आहे साहेबांचा पेशंटवर! आज तिघांना बघितलं. दोघांच्या जखमा मस्त भरत आलेल्या. त्यांची पाठ थोपटली. तिसरा हमाल, त्याची जखम आहे तशीच. लगेच — "चप्पल दाखवा बघू." उलटी केली. तळ पुरेसा झिजला नव्हता. नियमभंग.

भरलेल्या पायाची चप्पल कुणी उलटी करत नाही.

त्या पहिल्या दोघांच्या चपला मी नंतर गुपचूप पाहिल्या. एकीचा तळ तर आरशासारखा!

हमालाचा पाय नुसता भरत नव्हता, बिघडला नव्हता. त्याच्यावरून तक्रार केली तर हा म्हणणार, तळ कोरा होता, नियम म्हणजे नियम. आणि तळ कोरा होताच. खोटं काही नाही. इथेच तर त्याची हुशारी.

मला असा माणूस हवा की ज्याचा पाय डोळ्यांदेखत बिघडलाय आणि तरीही याने नुसतं 'काढा' म्हटलंय. पुढे न पाठवता. तसं माझ्यासमोर, साक्षीदारांसमोर घडायला हवं. एकदाच.

३ फेब्रुवारी

शिवणकाकू. नाव मीच ठेवलंय. शाळेचे गणवेश शिवतात, पायाचं मशीन. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली जखम. सून घेऊन येते. दोघींचं बोलणं ऐकायला बाकीचे पेशंट आपली पाळी सोडतात!

काकू — "ही वकील व्हायची होती. रस्ता चुकून माझ्या घरी आली."

सून — "आणि आल्यापासून एकच खटला चालवतेय. आरोपी ऐकतच नाही."

"गोळी घेतली की गं सकाळी."

"घेतली. चहात दोन चमचे साखर घालून, वर गोळी घेतली. म्हणजे हिशेब बरोबर!"

काकू मला म्हणाल्या, "ताई, चप्पल चांगली आहे गं, पण तिचा तळ असा जाड की पायट्यावर पाय बसतच नाही. मशीनवर बसले की काढावी लागते."

"मग मशीन काही दिवस बंद ठेवा ना काकू."

"आणि मुलांनी शाळेत काय पानं नेसून जायचं?"

मी त्याला जाऊन सांगितलं. पायट्यावर बसेल असा पातळ तळ करून घेता येईल का? मान वर न करता म्हणाला, "मोठं चित्र बघायला शिका. एका बाईच्या मशीनसाठी अख्खा अभ्यास वाकवायचा?"

९ फेब्रुवारी

काकूंनी माझ्या कुर्त्याची उसवलेली बाही बसल्या जागी शिवून दिली. सुई त्यांच्या पदरालाच टोचलेली असते. "डॉक्टरीण बाई आणि उसवलेली!" म्हटलं, मी डॉक्टर नाही हो. "असू दे. आमच्यासाठी तूच. ते मोठे साहेब तर माझ्या पायाशी बोलतात, माझ्याशी नाही."

सून म्हणाली, "पाय तरी उलट उत्तर देत नाही ना."

जखम फार भरत नाहीये. पण वाढलेलीही नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काकू आज अचानक आल्या. बोलावणं नव्हतं. सून म्हणाली, "वास येतोय ताई. मला वाटलं, दाखवून घ्यावं."

सिस्टर रजेवर. मीच पट्टी सोडली. गुडघ्यावर बसून बॅटरी लावून पाहिलं. जखमेच्या कडेला काळं. मसुरीच्या दाण्याएवढं. दाबलं तर काकूंना कळलं नाही — म्हणजे तिथली जाणीवच गेलीय.

मला माहीत होतं काय करायचं ते. त्याच दिवशी वर कळवायचं, आणि पेशंटला पलीकडच्या इमारतीत पाठवायचं.

पण मग काय झालं असतं? माझी नोंद आधी गेली असती. 'पाय बिघडला, पुढे पाठवलं.' त्याला काढायला जागाच उरली नसती. निमूट सही करून साळसूदपणे म्हणाला असता, "वेळेवर लक्षात आलं, शाबास." आणि पुढच्या अभ्यासात पुन्हा तेच. पुन्हा कुणाचे तरी बाबा.

शुक्रवारी तो बघायला येणारच आहे. चार दिवस. इतका वेळ तशी राहिलेली जखम, त्यात आणखी चार दिवसांनी काय होणार?

मी स्वच्छ धुतलं, पट्टी बांधली. म्हटलं, "शुक्रवारी या. सर स्वतः बघतील."

सुनेने विचारलं, "काळजीचं नाही ना ताई?"

"नाही."

"मग बरं. तुम्ही म्हणालात म्हणजे झालं." आणि सासूकडे वळून, "ऐकलंत? आता रडगाणं बंद."

काकूच हसल्या. मी पट्टीचे तुकडे गोळा करत राहिले.

१८ फेब्रुवारी

दोन दिवस मनात शुक्रवारच घोळतोय. तो काय म्हणेल, मी काय म्हणेन. त्याच्या तोंडून 'काढा' निघालं की मी पुढे होणार. आवाज चढवायचा नाही. सगळ्यांसमोर, हळू, एकेक शब्द. मग माझ्या वडिलांचं नाव सांगायचं. त्याचा चेहरा कसा होईल? किती वर्षं हा चेहरा मी मनात रंगवलाय! पांढराफटक. घाम. खुर्चीच्या हाताला धरेल.

मी आज गुणगुणत काम केलं. आकडेमोड्या म्हणाला, "स्वारी खुशीत दिसतेय. लग्न ठरलं का?"

म्हटलं, तेरावं ठरलंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आलाच नाही!

कुठल्याशा परिषदेला गेलाय, भाषण द्यायला. विषय — 'रुग्ण हाच केंद्रबिंदू'. मी खोटं लिहीत नाहीये, फलकावर लावलंय तसं.

आता सोमवारी बघणार.

काकू आल्या होत्या. सिस्टर अजून रजेवरच, पट्टी मीच सोडली. काळं वाढलंय. मसुरीएवढं नाही आता, मोठ्या नाण्याएवढं. वासही. ताप आहे का विचारलं. नाही म्हणाल्या. दोनदा विचारलं. अंगाला हात लावून पाहिला — गार होतं.

आज पाठवायला हवं होतं का?

ताप नाहीये. मधे शनिवार-रविवार, तेव्हा तिथेही मोठे डॉक्टर नसतात. आणि सोमवार काही लांब नाही. एकदा हा उघडा पडला की त्याचे सगळे जुने अभ्यास तपासले जातील. खोटी मलमं बाजारातून जातील. हजारो पाय वाचतील. हजारो! एका पायाच्या तीन दिवसांसमोर हजारो पाय.

काकूंना म्हटलं, मशीनला हात लावू नका दोन दिवस. म्हणाल्या, "हात नाही लावणार गं, पाय लावते!" आणि स्वतःच हसत सुटल्या. सून हसली नाही. "ताई, हे वाढतंय ना?"

"सोमवारी सर बघतील."

"तुम्ही काय म्हणता ते विचारलं मी."

"सोमवारी बघू."

२२ फेब्रुवारी

उद्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

जसं हवं होतं तस्संच झालं. शब्द न् शब्द!

तो आला. खोलीत सिस्टर, मी, आकडेमोड्या (त्याला मीच कसलंसं निमित्त काढून वर बोलावलं होतं), काकू आणि सून. याने पट्टी उघडून पाहिली. नाकाला रुमाल. मग — "चप्पल दाखवा."

चप्पल उलटी झाली. तळ कोराच, मशीनवर ती काढावी लागायची म्हणून.

"नियमभंग. काढा यांना. पट्टी बांधून घरी जाऊ द्या."

काकू म्हणाल्या, "साहेब, पायट्यावर बसत नाही हो ती... चुकलं माझं."

चुकलं माझं! माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. मी पुढे झाले. "सर, हा पाय काळा पडलाय. यांना आत्ता शस्त्रक्रियेला पाठवायला हवं. आणि यांना मोजायला हवं. अपयशात. तुम्ही यांना काढू शकत नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कपाट बोललं. "तुम्ही मला शिकवणार?"

"माझ्या वडिलांनाही तुम्ही असंच काढलं होतं. याच खोलीतून. त्यांचा पाय गेला." आणि मी नाव सांगितलं. संपूर्ण.

तो आठवायला लागला. खरंच प्रयत्न करत होता, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाला, "कोण?"

कोण!

एवढी वर्षं ज्या चेहऱ्याची वाट पाहिली, तो आलाच नाही. त्याला आठवलंच नाही. घाम नाही, काही नाही.

काकूंना चाकाच्या खुर्चीत बसवून मीच पळवत पलीकडच्या इमारतीत नेलं. तिथल्या सर्जनबाईंनी पट्टी सोडून काळं दाबून पाहिलं. मग, "हे दोन-तीन दिवसांपूर्वी आणायला हवं होतं. कुणी बघितलं होतं आधी?"

सून माझ्या मागे उभी होती. औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळत होती, तिचं लक्ष नव्हतं.

मी म्हटलं, "सरांनीच. आज."

२५ फेब्रुवारी

एथिक्स कमिटीकडे तक्रार दिली. पेशंटवर अन्याय होऊ नये हे बघायला नेमलेली माणसं ही. सिस्टर साक्ष द्यायला तयार. आकडेमोड्याने तर कमाल केली. मागच्या अभ्यासात प्रमुखाने 'काढलेली' माणसं त्याने परत मोजणीत घातली (बहुतेक नव्या मलमाचीच; कुणाला काय याची यादी प्रमुखाला ठाऊक असणार) आणि नवं मलम न् नेहमीचं मलम सारखंच निघालं! "एवढ्या गाजलेल्या मलमाची ही किंमत," म्हणाला. "नळीच फक्त चांगली आहे."

नंतर हळूच म्हणाला, "काय गं, त्या बाईंचा पाय एकदम सोमवारीच तसा झाला का?"

म्हटलं, मधुमेहात झपाट्याने होतं.

"हां. होतं खरं."

२ मार्च

काकूंची शस्त्रक्रिया झाली. आधी नुसता अंगठा काढू म्हणाले होते. आत गेल्यावर पुढचा अर्धा पाय काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य — "चला, आता चप्पल अर्धीच झिजेल." सून खोलीबाहेर गेली. मी बाहेर गेले नाही. मला जायला हवं होतं, पण पाय उचलेना.

याचाही जाब त्यालाच द्यावा लागेल. त्यालाच!

९ मार्च, सोमवार

गेला!

अभ्यास थांबवला. त्याला प्रमुखपदावरून काढलं, पुढची सगळी चौकशी होईपर्यंत दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. दुपारी सुताराने दारावरची पाटी काढली. चार स्क्रू. एक गंजला होता, तो निघेना. सुतार शिव्या घालत होता. मी समोरच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत बघितलं. गोड लागलं. खोटं कशाला लिहू? फार गोड लागलं.

तो खोकं घेऊन बाहेर पडला तेव्हा कुणी दार धरलं नाही. मी तिथेच होते. मीही नाही धरलं.

घरी धावत आले. "बाबा, तो गेला! काढला त्याला! तुम्हाला काढला तसा!"

बाबा 'जावया'चे पट्टे आवळत होते. "बरं झालं."

"बरं झालं काय? नीट ऐका ना!"

"ऐकलं गं. गेला. बरं झालं." पुन्हा पट्ट्यात डोकं घातलं. मग, "त्या बाईचा कुठला पाय? उजवा की डावा?"

"उजवा."

"अरेरे. पायटा उजव्यानेच दाबतात ना? मग ती मशीन चालवणार कशी?"

मला इतका राग आला! यांच्यासाठी एवढं केलं, यांच्यासाठी इतकी वर्षं जाळली, आणि यांना मशीनचं पडलंय. मी म्हटलं, "माझ्यासाठी एकदा तरी खूश व्हा ना." बाबा म्हणाले, "झालो ना. तुझ्यासाठी झालो."

आई स्वयंपाकघरातून नुसती बघत होती. तिच्या नजरेला नजर दिली नाही.

१२ मार्च

कमिटीपुढे जबाब. लांबलचक टेबल, पाण्याचे पेले, सगळे आदराने बोलत होते. "तुमच्यासारख्या तरुण मुलींनी धाडस केलं म्हणून हे उघडकीला आलं." एक वयस्क बाई होत्या, त्यांनी खूप मायेने विचारलं, "या पेशंटच्या पायाला काळं पहिल्यांदा कधी दिसलं?"

"तेवीस तारखेला. सर बघायला आले तेव्हा."

त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "घाबरू नकोस, पाणी पी."

प्यायले. पूर्ण पेला.

बाहेर आल्यावर स्वतःला समजावलं. खरं सांगितलं असतं तर त्याच्या वकिलाने सगळंच उलटं केलं असतं. तो सुटला असता. मी फक्त एक तारीख पुढे ढकलली. त्याने माणसं पुसली, मी एक तारीख!

१४ मार्च

नवे प्रमुख नेमेपर्यंत विभागाचं ऑफिस सांभाळायचं काम माझ्याकडे. किल्ल्या दिल्या. त्याच्या खोलीत बसायचं म्हणाले. खुर्ची फार खोल आहे, पाठ टेकत नाही.

आज दोनदा काकूंना बघायला निघाले, दोनदा जिन्यावरून परत फिरले. कामं होती.

१६ मार्च, सोमवार

आज गेले. काकू झोपल्या होत्या. सून बाहेर बाकावर. "या ताई" म्हणाली नाही.

"कमिटीचे लोक येऊन गेले. विचारत होते, काळं पहिल्यांदा कुणी पाहिलं. मी म्हटलं, ताईंनी. आम्ही बोलावणं नसताना आलो होतो, त्या सोमवारी. खाली बसून, बॅटरी लावून पाहिलं होतं. ते म्हणाले, असं तर कुणीच सांगितलं नाही."

मी बाकाच्या टोकाला टेकले.

तिने पर्समधून पेन काढलं. "तुमचं पूर्ण नाव काय हो? आम्ही आपलं ताईच म्हणत राहिलो."

तिच्याजवळ कागद नव्हता. मी सांगत गेले, ती तळहातावर लिहीत गेली. माझं नाव. बाबांचं नाव. आडनाव.